कावळ्याचा बारमाही शेजार

भाद्रपदाच्या वद्य पक्षात गच्चीवर पान ठेवून आपण कावळ्याला आर्जवाने हाका मारतो, आणि ज्येष्ठात त्याच कावळ्याने डोक्याला चोच मारली की बांबू घेऊन त्याचे घरटे पाडायला निघतो. हे दोन्ही प्रसंग मी एकाच इमारतीत, एकाच गच्चीवर पाहिले आहेत, आणि दोन्ही वेळी माणसे तीच होती. त्यांच्या मनात कावळ्याविषयी वैर नव्हते. तो कोणत्या महिन्यात काय करतो आणि का करतो, हे त्यांना कोणी कधी सांगितले नव्हते. कावळा पंधरवड्याचा पाहुणा नाही, बारा महिन्यांचा शेजारी आहे, आणि शेजाऱ्याचा दिनक्रम ठाऊक असला की त्याच्याशी होणारे बरेचसे तंटे मुळात उद्भवतच नाहीत. पुढे दिलेल्या गोष्टी फ्लॅटमध्ये, वाड्यात किंवा गावाकडच्या घरात, कोणालाही फारशा खर्चावाचून करता येतील.

शेजारी नेमका कोण

महाराष्ट्रात आपल्याभोवती दोन प्रकारचे कावळे असतात. मान राखाडी आणि अंग सडसडीत असलेला तो गावकावळा. चोचीपासून शेपटीपर्यंत काळाभोर, जाड चोचीचा आणि घोगऱ्या आवाजाचा तो डोमकावळा. डोमकावळा रान, शेत आणि गाव तिन्हीकडे वावरतो; गावकावळा मात्र माणसाच्या वस्तीला इतका जखडलेला आहे की माणसांपासून दूर तो सहसा आढळत नाही. जहाजांच्या आधाराने तो परदेशांतल्या बंदरांपर्यंत पोहोचला, १८९० च्या दशकात झांझिबारला आणि १९९० च्या दशकात थेट नेदरलँड्सला, आणि तिथेही तो बंदरांच्या व शहरांच्या आसऱ्यानेच राहिला.

इंग्रजी बातम्या आणि चित्रफिती पाहून पुष्कळ जण डोमकावळ्यालाच रेव्हन समजतात. रेव्हन हा काककुळातलाच, पण वेगळा पक्षी आहे. आपला गावकावळा जेमतेम तीनशे ग्रॅमचा असतो, तर रेव्हन सहज किलोभर भरतो. उडताना त्याची शेपटी पाचरीसारखी निमुळती दिसते, आणि भारतात तो राजस्थान, कच्छ अशा कोरड्या वायव्य भागात व हिमालयाच्या उंचीवर राहतो. लंडनच्या टॉवर या जुन्या किल्ल्यात किमान सहा रेव्हन असलेच पाहिजेत, ते निघून गेले तर राज्य बुडेल, अशी समजूत आहे, आणि म्हणून त्यांची निगा राखायला तिथे आजही एक रखवालदार नेमलेला असतो. या कुळाचे माणसाला वाटणारे आकर्षण असे सर्वदूर आहे. आपल्याकडे कावळ्यासाठी सरकारी रखवालदार नसेल, पण तान्ह्या मुलाला भरवताना पहिला घास काऊच्या नावाने काढला जातो आणि घरातले माणूस गेले की दहाव्या दिवशी सगळे कुटुंब त्याच काऊची वाट पाहत उभे राहते.

काडी दिसली की दिवस मोजायला लागावे

कावळ्याच्या वर्षातला सर्वांत नाजूक काळ म्हणजे विणीचा हंगाम. आपल्या भागात तो साधारणपणे चैत्र-वैशाखात सुरू होतो आणि पावसाच्या पहिल्या महिन्या-दीड महिन्यापर्यंत चालतो. चोचीत काडी धरून एकाच दिशेने वारंवार जाणारा कावळा दिसला की तारीख लिहून ठेवावी. घरटे बांधून झाल्यावर मादी चार-पाच निळसर-हिरवी, तपकिरी ठिपक्यांची अंडी घालते, ती उबवायला सोळा-सतरा दिवस लागतात, आणि पिल्ले तीन ते चार आठवड्यांत घरट्याबाहेर पडतात. म्हणजे पहिल्या काडीपासून पिल्लू उडेपर्यंत सुमारे दोन महिने धरावेत. कोणत्या आठवड्यात रस्ता बदलायचा, कोणत्या आठवड्यात झाडाला हात लावायचा नाही आणि मुलांना गच्चीवर केव्हा एकटे पाठवायचे नाही, हे सारे या एका तारखेवरून ठरवता येते.

जुनी माणसे या घरट्यावरून पावसाचा अंदाजही बांधत. आंबा, करंज अशा झाडांवर घरटे दिसले तर पाऊस चांगला, बाभळीसारख्या काटेरी झाडावर दिसले तर ओढीचा, असे ते मानत. या अंदाजावर पेरणीचा निर्णय मी घेणार नाही, पण त्यानिमित्ताने माणसे झाडाकडे मान वर करून पाहत होती, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

घरटे गैरसोयीच्या जागी होत असेल, म्हणजे एसीच्या बाहेरच्या युनिटवर, पाण्याच्या टाकीच्या झडपेपाशी किंवा खिडकीच्या जाळीत, तर उपाय करण्याची वेळ एकच असते: चार-दोन काड्या पडलेल्या असताना. त्या वेळी काड्या उचलून टाकाव्यात आणि ती जागा पुठ्ठ्याने किंवा जाळीने बंद करावी. कावळा दोन-तीन दिवस पुन्हा प्रयत्न करील, मग दुसरीकडे जाईल. एकदा अंडी पडली की मात्र पिल्ले उडेपर्यंत दम धरावा. शहरातली घरटी निव्वळ काड्यांची नसतात. तारांचे तुकडे, कपड्यांचे मोडके हँगर, बांधकामावरची बाइंडिंग वायर असे बरेच काही त्यांत विणलेले असते. त्यामुळे विजेच्या खांबावरच्या घरट्याला स्वतः काठी लावू नये. वीज कंपनीच्या माणसांना कळवावे आणि त्यांनाच ते काम करू द्यावे.

झाडांच्या छाटणीचा प्रश्न याहून मोठा आहे. नगरपालिका आणि सोसायट्या पावसाळ्यापूर्वी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, फांद्या उतरवतात, आणि नेमकी तेव्हाच घरट्यांत अंडी किंवा उघडी पिल्ले असतात. शहरी भागात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, हे बहुतेकांना माहीत असते. पण परवानगी हातात असली तरी घरट्याची फांदी महिनाभर राखून ठेवायला कोणाची हरकत नसते, हे लक्षात येत नाही. छाटणी फेब्रुवारीतच उरकावी, ते जमले नाही तर कामगार झाडावर चढण्याआधी कोणीतरी खाली उभे राहून प्रत्येक फांदी पाहावी आणि घरट्याच्या फांदीला लाल फडके बांधावे. हे काम दहा मिनिटांचे आहे. कायद्याच्या बाजूनेही काळ बदलला आहे: १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कावळ्याची गणना उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती, ती अनुसूचीच २०२२ च्या दुरुस्तीने काढून टाकली गेली आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. "कावळाच तर आहे" असे म्हणून घरटे पाडण्याला आता तोही आधार उरलेला नाही.

याच दिवसांत कोकीळ पहाटेपासून ओरडत असतो आणि कावळे त्याच्या मागे लागलेले दिसतात. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. कावळ्याच्या मागे लांब शेपटीचे, त्याच्याहून लहान पिल्लू तोंड वासून फिरताना दिसले तर ते कोकिळेचे असण्याचा संभव आहे. आपण त्यात पडू नये. ते पिल्लू काढून "न्याय" करण्याचा प्रयत्न केल्यास घरटे विस्कटते आणि दोन्ही पक्ष्यांचे नुकसान होते.

डोक्यावर झडप येते तेव्हा

पिल्ले घरट्याच्या कडेवर येऊन बसू लागली की पालक कावळे खालून जाणाऱ्यांवर झेपावतात. याला अपशकुन समजून शांती करणारी, चारचौघांत न बोलता मनात कुढणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांना स्पष्ट सांगावेसे वाटते की कावळा डोक्याला शिवला याचा अर्थ जवळपास पिल्लू आहे एवढाच आहे. झडप बहुधा पाठीमागून येते. म्हणून छत्री उघडून चालावे, ऊन-पाऊस नसला तरी. छत्री नसेल तर थांबून वळावे आणि कावळ्याकडे तोंड करून, त्याच्यावर नजर ठेवून सावकाश पुढे सरकावे. आपल्याकडे पाहणाऱ्या माणसावर तो क्वचितच झेपावतो. पळू नये. इमारतीच्या दाराशी आणि लिफ्टमध्ये "आंब्याच्या झाडाखालून जाताना छत्री वापरावी, पिल्ले आहेत, साधारण दोन आठवडे" अशी चिठ्ठी लावली तर निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. ज्यांना त्याच झाडाखाली काम करावे लागते, त्या माळीबुवांना आणि रखवालदाराला जुने हेल्मेट द्यावे.

दगड मात्र मारू नये, आणि याचे कारण दयेपलीकडचे आहे. अमेरिकेतील सिएटल येथे २००६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात वन्यजीव शास्त्रज्ञ जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुहेतल्या आदिमानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले, त्यांच्या पायांत वाळी घातली आणि त्यांना सोडून दिले. पुढे तो मुखवटा घालून कोणीही आवारातून गेले तरी कावळे ओरडून उठत; दुसरा मुखवटा घातलेल्या माणसाकडे ते तसे लक्ष देत नसत. वर्षे लोटली तरी हा राग ओसरला नाही, उलट जे कावळे कधी पकडले गेले नव्हते तेही त्या चेहऱ्यावर ओरडू लागले. ते अमेरिकेतले कावळे होते, पण दगड मारणाऱ्या मुलाला आपल्या गल्लीतले कावळे पुढे अनेक महिने कसे वेचून काढतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला या प्रयोगाचे फारसे नवल वाटणार नाही. आज मारलेला एक दगड म्हणजे पुढच्या अनेक ज्येष्ठांची भांडणे होत.

खाली पडलेले पिल्लू

मे-जूनमध्ये वाहनतळाच्या कोपऱ्यात, जिन्याखाली किंवा कुंडीमागे कावळ्याचे पिल्लू बसलेले सापडते, आणि सद्भावनेने सर्वाधिक चुका याच वेळी होतात. प्रथम त्याच्या अंगाकडे पाहावे. अंगभर पिसे असतील, ते पायांवर नीट उभे राहत असेल आणि तोंड उघडल्यावर आतला भाग लालसर-गुलाबी दिसत असेल, तर ते पडलेले नसून उडायला शिकत असलेले पिल्लू आहे. त्याचे आईबाप वरच्या तारेवर बसलेले असतात आणि आपण दूर झाल्याखेरीज ते खाली येत नाहीत. अशा पिल्लाला घरात नेणे म्हणजे ते पालकांपासून तोडणे होय. मांजर-कुत्र्याचा किंवा गाड्यांचा धोका असेल तर जाड फडक्यात धरून जवळच्या झुडपावर किंवा भिंतीवर ठेवावे आणि मागे हटावे. हे करताना उघडी छत्री धरायला दुसरे माणूस सोबत असलेले बरे.

पिसे न फुटलेले, उघडे पिल्लू असेल तर घरटे हाताशी असल्यास त्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात, ही समजूत खरी नाही. घरटे फार उंच असेल किंवा मोडले असेल तर एखादी परडी घ्यावी, पाणी साचू नये म्हणून तिच्या तळाला फटी असल्याची खात्री करावी, आत सुक्या काड्या आणि गवत घालावे आणि त्याच झाडाच्या फांदीला सुतळीने घट्ट बांधावी. पालक तिथे येऊन भरवतात. पिल्लाच्या चोचीत पाणी किंवा दूध ओतू नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगेच मागे असते आणि ओतलेले पाणी थेट फुप्फुसात जाऊन ते गुदमरते. जखम दिसत असेल तर हवेसाठी भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवून पक्षीमित्रांना किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. संक्रांतीच्या सुमारास मांज्यात अडकलेल्या कावळ्यालाही हेच लागू आहे: दोरा ओढू नये, तो पंखात आणखी रुततो, उंचावर असेल तर अग्निशमन दलाला बोलवावे.

घास आणि पाणी

कावळ्याला खायला घालावे की नाही, यावर सोसायट्यांमध्ये वाद होतात. माझे मत असे आहे की थोडे, नियमाने आणि एकाच जागी घालावे, आणि शेजाऱ्यांना विश्वासात घेऊन घालावे. सकाळी एकाच वेळी मूठभर बिनमिठाचा भात, पोळीचे चार तुकडे, कधी उकडलेले अंडे एवढे पुरे. फरसाण, शेव, चिप्स, तळण आणि शिळे आंबलेले अन्न देऊ नये. वीस मिनिटांत संपेल इतकेच ठेवावे आणि उरलेले उचलावे. ढीग उरला की रात्री उंदीर येतात आणि मग शेजाऱ्यांचा राग रास्त ठरतो. मासळीचा किंवा मटणाचा टाकाऊ भाग विणीच्या दिवसांत कठड्यावर मुळीच ठेवू नये, कारण त्याने कावळ्यांचा घोळका जमतो आणि तोच घोळका आसपासच्या बुलबुलाची व चिमणीची अंडी-पिल्ले शोधून खातो. चिमणीसाठी खोके टांगायचे असेल तर त्याचे भोक सव्वा इंचाहून मोठे ठेवू नये, म्हणजे कावळ्याची चोच आत शिरली तरी फार पोहोचत नाही. उघडा कचरा ही तर कावळ्याला दिलेली कायमची पंगत आहे. ज्या आळीत ओल्या कचऱ्याचे डबे झाकलेले असतात तिथे कावळे असतात, पण झुंडी नसतात.

पाण्यासाठी पसरट, जड मातीचे भांडे घ्यावे, कारण हलके भांडे कावळा उलथवतो. आमच्या कठड्यावरच्या परळाशी एक कावळा रोज कडक झालेला पाव घेऊन येत असे. तो पाव पाण्यात टाकी, पायाने दाबी, दोन पावले मागे सरून थांबे, मग चोचीने टोचून मऊ झाला का ते पाही, आणि न झाल्यास पुन्हा बुडवी. एकदा उरलेला तुकडा त्याने तुळशीच्या मातीत खोचला आणि शेजारचे सुकलेले पान उचलून त्यावर नीट झाकले. दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन, इकडेतिकडे न शोधता, त्याने तेच पान बाजूला केले. या सवयींमुळे परळातले पाणी तासाभरात गढूळ होते, म्हणून ते दिवसातून एकदा तरी ओतून भांडे घासावे. खडे टाकून पाणी वर आणणाऱ्या तहानलेल्या कावळ्याची गोष्ट आपण सगळेच ऐकून वाढलो; २००९ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी रूक या काककुळातल्या पक्ष्यांपुढे अर्धवट भरलेली नळी आणि तिच्यात तरंगता किडा ठेवला, तेव्हा त्यांनी खरोखर दगड टाकून पाणी वर आणले.

ओळख वाढवायची असेल तर हातावर खाऊ घालण्याचा हट्ट धरू नये. घास ठेवावा, एकच ठरलेली हाक द्यावी आणि त्याच्याकडे रोखून न पाहता मागे सरकावे. त्याने जवळ यावे की नाही हे त्याला ठरवू द्यावे. वाळवणाच्या दिवसांत कुरडया-पापडांवर पातळ सुती साडी ताणून बांधावी. नायलॉनची जाळी वापरू नये, तिच्यात पाय अडकतात. काळे फडके टांगण्याची जुनी युक्ती चालते, पण त्याची जागा रोज बदलावी लागते, नाहीतर दोन-तीन दिवसांत कावळ्याची भीड चेपते.

मेलेला कावळा

एक कावळा मेला की भोवती शंभर जमतात आणि कल्लोळ करतात. सिएटलमध्येच झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की मेलेला कावळा हातात धरलेल्या माणसाचा चेहरा ते लक्षात ठेवतात आणि पुढे कित्येक आठवडे त्याच्यावर ओरडतात. म्हणून गोंगाट ओसरू द्यावा. आरोग्याचे कारण तर अधिक महत्त्वाचे आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई, ठाणे, दापोली आणि बीड येथे, तसेच जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू आढळला होता. एकाहून अधिक कावळे मेलेले दिसले तर हात न लावता, मुलांना व पाळीव प्राण्यांना दूर ठेवून, पशुसंवर्धन विभागाला किंवा नगरपालिकेला कळवावे.

पान ठेवताना

दहाव्याच्या घाटावर कावळा पिंडाला शिवत नाही तेव्हा घरच्यांच्या मनाची जी घालमेल होते, ती मी जवळून अनुभवली आहे. मृताची कोणती इच्छा राहिली, कोणी काय बोलून दुखावले, याची उजळणी सुरू होते, आणि सारे जण पिंडाभोवती आणखी जवळ कोंडाळे करतात. कावळा नवी गोष्ट दिसली की आधी दुरून निरखतो, आणि भोवती दहा माणसे टक लावून उभी असतील तर तो उतरणारच नाही. श्रद्धेला कोठेही धक्का न लावता करता येईल असे एवढेच आहे की पिंड ठेवून सर्वांनी वीस-पंचवीस पावले मागे जावे, एका बाजूला उभे राहावे, म्हणजे दुसरी बाजू त्याला येण्या-जाण्यासाठी मोकळी राहते, बोलणे थांबवावे आणि फोनने चित्रण करणाऱ्याला दूर बसवावे. तरीही तो आला नाही तर दर्भाचा कावळा करून शिववण्याची सोय शास्त्रानेच ठेवलेली आहे, आणि ती वापरण्यात कोणताही कमीपणा नाही.

पितृपक्षात गच्चीवर पान ठेवताना केळीचे किंवा पत्रावळीचे पान वापरावे, प्लॅस्टिकचे द्रोण नकोत. सगळा स्वयंपाक घासभरच वाढावा. एका इमारतीत तीस घरे असतील तर तीस पाने एकाच दुपारी मांडली जातात आणि दोन-चार कावळ्यांना ती संपत नाहीत. शेजाऱ्यांनी मिळून एक पान मांडले तरी चालते. तासाभराने पान उचलून उरलेले अन्न ओल्या कचऱ्यात किंवा गाईला द्यावे आणि जागा धुवावी. सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी त्याच कठड्यावर, त्याच वेळी, पोळीचे चार तुकडे आणि ताजे पाणी ठेवावे. पंधरा दिवसांत जागा आणि वेळ दोन्ही त्यांना पाठ झालेली असते, आणि ते येतात.